चिमूटभर शिसं, वीस वर्षांचा वाद

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन ‘साठ-चाळीस द्या’ म्हटलं, की दुकानदार फारसं काही न विचारता सोल्डरच्या तारेचं रीळ काढून देतो. साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं. शेजारच्या दुकानात मांडलेल्या नव्या मोबाइलच्या आणि लॅपटॉपच्या जोडांमध्ये मात्र शिसं असता कामा नये, असा आपल्याकडे मे २०१४ पासून नियम आहे. मुभा आहे ती वजनाच्या ०.१ टक्क्याची, आणि तीही अख्ख्या मोबाइलच्या वजनावर नव्हे, तर प्रत्येक एकजिनसी भागाच्या वजनावर. म्हणजे सोल्डरचा ठिपका वेगळा मोजायचा. थोडक्यात, शिशाचं सोल्डर विकायला बंदी नाही, विकत घ्यायला नाही, दुरुस्तीत वापरायलाही कोणी अडवत नाही. बंदी आहे ती ते लावून केलेली नवी वस्तू बाजारात आणायला.

ही विसंगती आपल्या सरकारने शोधून काढलेली नाही. बंदी ज्या वाटेने जगभर पसरली, त्या वाटेवरच ती पडून होती.

शिशाच्या सोल्डरवर पहिली मोठी कुऱ्हाड पडली ती इलेक्ट्रॉनिक्समध्ये नव्हे, नळजोडणीत. अमेरिकेने १९८६ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या नळांना शिशाचं सोल्डर वापरायला मनाई केली. तिथे कारण सरळ होतं. जोडातलं शिसं पाण्यात उतरतं आणि पाणी पोटात जातं. नव्वदच्या सुमारास हीच मनाई सर्किट बोर्डांपर्यंत न्यायचे प्रस्ताव अमेरिकी काँग्रेसमध्ये आले आणि उद्योगांच्या विरोधामुळे बारगळले. पण धाक बसला होता, संशोधनाला पैसा मिळू लागला. आयोवातल्या एम्स प्रयोगशाळेला कथील, चांदी आणि तांबं यांच्या मिश्रधातूचं पेटंट १९९६ मध्ये मिळालं. आज जगभर चालणारं लेड-फ्री, म्हणजे बिनशिशाचं, सोल्डर बहुतांशी याच घराण्यातलं. जपानी कंपन्यांनी तर कायद्याची वाटही पाहिली नाही. तेव्हाच्या मात्सुशिताने, म्हणजे पॅनासॉनिकने, १९९८ मध्येच बिनशिशाच्या सोल्डरचा मिनीडिस्क प्लेअर बाजारात आणला. हिरवं पान छापलेला खोका जास्त खपतो, हे त्यांना इतरांच्या आधी उमगलं होतं.

युरोपीय संघाने जानेवारी २००३ मध्ये निर्देश मंजूर केला आणि १ जुलै २००६ पासून तो लागू झाला. त्याचं इंग्रजी आद्याक्षरी नाव आरओएचएस. त्यात शिशाबरोबर पारा, कॅडमियम, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम आणि प्लास्टिक पेटू नये म्हणून घालायच्या ब्रोमीनयुक्त रसायनांचे दोन गट होते. २००७ मध्ये कॅलिफोर्निया आणि चीनने आपापले नियम आणले. चीनमधली असेंब्ली लाइन युरोपसाठी एक आणि भारतासाठी दुसरं सोल्डर ठेवत नाही. त्यामुळे आपला नियम अमलात आला तेव्हा आपल्या हातातले बहुतेक मोबाइल आधीच बिनशिशाचे झालेले होते. दिल्लीच्या आदेशापेक्षा ब्रसेल्सच्या आदेशाने भारतीय ग्राहकाच्या खिशातलं शिसं जास्त काढलं, असं म्हणायला हरकत नाही.

आता वादाचा मूळ मुद्दा. जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी चार-पंचमांशाहून जास्त शिसं बॅटऱ्यांमध्ये जातं: मोटारीच्या, ट्रकच्या, रिक्षाच्या, घरातल्या इन्व्हर्टरच्या. इलेक्ट्रॉनिक सोल्डरचा वाटा बंदीच्या आधीही एक टक्क्याच्या आतच होता. एका कारच्या बॅटरीत आठ-दहा किलो शिसं असतं. मोबाइलच्या बोर्डवरचं सगळं सोल्डर खरवडून गोळा केलं तरी ते ग्रॅममध्येच मोजावं लागेल. त्याहून गंमत जुन्या टीव्हीची. पिक्चर ट्यूबच्या काचेत क्ष-किरण अडवण्यासाठी किलोच्या हिशोबात शिसं घातलेलं असे, आणि युरोपच्या निर्देशाने त्या काचेला सूट दिली, कारण तिला पर्याय नव्हता. टीव्हीच्या बोर्डवरचे काही ग्रॅम बेकायदा, त्याच टीव्हीच्या काचेतलं किलोभर कायदेशीर! बंदीचे विरोधक हे उदाहरण वीस वर्षं उगाळतात, आणि ते चुकीचं नाही.

समर्थकांचं उत्तरही तितकंच दमदार आहे. बॅटरी परत येते, कारण तिला भंगारात भाव आहे. रस्त्यावर फेकलेली बॅटरी तासाभरात कोणीतरी उचलून नेतो. सोल्डरचं तसं नाही. ते कोट्यवधी वस्तूंत थेंबाथेंबाने विखुरलेलं असतं आणि वस्तूबरोबर कचऱ्यात जातं. जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांचा रीतसर पुनर्वापर झाल्याची नोंद आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अहवाल सांगतो. उरलेला कुठे जातो, हे दिल्लीच्या सीलमपूरमध्ये किंवा मुरादाबादच्या गल्ल्यांत बघायला मिळतं.

यातली सर्वांत जास्त अभ्यासली गेलेली जागा म्हणजे चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातलं गुइयू. तिथे घराघरांत कोळशाच्या शेगडीवर बोर्ड तापवून सोल्डर वितळवायचं आणि पक्कडीने चिप्स उपटून काढायच्या, असा धंदा चाले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरमागे सरासरी १५.३ मायक्रोग्रॅम शिसं आढळलं. शेजारच्या चेनडियन गावात ९.९. शिशाची ‘चालेल इतकी’ पातळी मुळी नसतेच, हे आता जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. तेव्हा हे दोन्ही आकडे वाईट, पण गुइयूचा फारच वाईट. मात्र ते शिसं एकट्या सोल्डरचं होतं असं म्हणता येत नाही. तिथे पिक्चर ट्यूब फुटत होत्या, केबलचं प्लास्टिक जळत होतं आणि त्यातही शिसं होतं. बोर्ड बिनशिशाचे झाले म्हणून आम्लाच्या टाक्या आणि ब्रोमीनचा धूर थांबला, असंही नाही.

विरोधकांचा आणखी एक युक्तिवाद कचराभूमीचा. अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या प्रमाणित चाचणीत बोर्डाचे तुकडे आम्लधर्मी द्रावणात घुसळतात. त्यात शिसं मर्यादेच्या बाहेर जातं. पण प्रत्यक्ष कचराभूमीतून झिरपणाऱ्या पाण्यात तितकं येत नाही, मग भीती कसली? हा युक्तिवाद तळाशी अस्तर घातलेल्या, वरून मातीने झाकलेल्या अमेरिकी कचराभूमीसाठी ठीक असेल. मुंबईच्या देवनार कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर ज्यांनी खाल्ला, त्यांना तो ऐकवू नये. आपला कचरा जमिनीखाली निपचित पडून राहत नाही. तो उकरला जातो आणि जळतो. बंदीच्या बाजूने मला पटणारं सर्वांत मोठं कारण हेच आहे, आणि ते युरोपपेक्षा इथे जास्त लागू पडतं.

सोल्डरच्या धुराबद्दल मात्र दोन्हीकडून बराच गोंधळ घातला जातो. सोल्डरिंग आयर्नच्या टोकाचं तापमान साडेतीनशे अंशांच्या आसपास असतं, शिसं उकळतं १७४९ अंशांना. टोकावरून वर येणारा पांढरा धूर शिशाचा नसून फ्लक्सचा, म्हणजे मुख्यतः राळेचा असतो. त्याने दमा होतो, हे कामगार-आरोग्याच्या क्षेत्रात चांगलंच ठाऊक आहे. लेड-फ्री सोल्डरसाठी बरेचदा जास्त जहाल फ्लक्स लागतो, त्यामुळे धुराच्या बाबतीत बंदीने कारागिराचं भलं केलं असं नाही. शिसं शरीरात जातं ते हातातून. दिवसभर तार बोटांत धरायची आणि त्याच बोटांनी तंबाखू मळायची किंवा वडापाव खायचा, ही खरी वाट. कारखान्यात सोल्डरच्या कढईवर जमणारी मळी काढणारा कामगारही याच धोक्यात असे. त्याच्यासाठी बंदी खरोखर उपयोगाची ठरली.

तंत्रज्ञांचं दुखणं वेगळं होतं. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं हे मिश्रण बरोबर १८३ अंश सेल्सियसला एकदम वितळतं आणि एकदम घट्ट होतं. मधली लापशीसारखी अवस्था नाही, जोड चकचकीत. त्याच्या जागी आलेलं सर्वांत रुळलेलं मिश्रण म्हणजे ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी, अर्धा टक्का तांबं. ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं. चौतीस अंश म्हणजे काय मोठंसं, असं बाहेरच्याला वाटेल. पण भट्टीतून जाताना अख्खा बोर्ड, त्यावरचे कपॅसिटर, प्लास्टिकचे सॉकेट, सगळं त्या जास्तीच्या तापातून जातं. चिपच्या आवरणात दमट हवा शिरलेली असेल तर वाफ होऊन आवरण लाहीसारखं तडकतं. कथिलाचं प्रमाण वाढल्यामुळे वितळलेलं सोल्डर स्टीलच्या कढया खाऊ लागलं. त्या बदलून टायटॅनियमच्या किंवा लेप दिलेल्या घ्याव्या लागल्या. आयर्नची टोकं लवकर झिजू लागली. आणि चांगला जोडही मंद, दाणेदार दिसू लागला. चकाकीवरून जोड पारखायला शिकलेल्या तपासनिसांची अख्खी पिढी काही काळ चाचपडत राहिली, कारण जुन्या नजरेला प्रत्येक जोड ‘ड्राय सोल्डर’, म्हणजे नीट न धरलेला, वाटे.

सगळ्यांत जास्त भीती होती ती टिन व्हिस्कर्सची. शुद्ध कथिलाचा मुलामा दिलेल्या पृष्ठभागातून, कोणी काही न करता, साध्या खोलीच्या तापमानाला, कथिलाचे केस उगवतात. खरोखर उगवतात. माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक, सुईसारखे सरळ किंवा मुडपलेले, कधी मिलिमीटरभर, कधी त्याहून लांब. पार्टच्या दोन पायांमधल्या फटीवर असा एक केस टेकला की शॉर्ट. मुलाम्यात साठलेला ताण हे त्याचं कारण मानलं जातं, तरी नेमकी प्रक्रिया अजून वादातच आहे. शिशाची थोडी भेसळ केली की केस उगवायचे थांबतात, हे अमेरिकेतल्या बेल लॅब्जने १९५० च्या दशकातच दाखवलं होतं. मे १९९८ मध्ये गॅलॅक्सी ४ हा उपग्रह बंद पडून अमेरिकेतले बहुतेक पेजर मुके झाले, तेव्हा संशय याच केसांवर गेला. एप्रिल २००५ मध्ये कनेक्टिकटमधल्या मिलस्टोन अणुवीज केंद्राचा एक संच अशाच एका केसामुळे आपोआप बंद झाला.

पण ही उदाहरणं देणारे एक गोष्ट सांगायचं टाळतात: दोन्ही घटना बंदीच्या आधीच्या आहेत. गुन्हेगार लेड-फ्री सोल्डर नव्हतं, पार्ट्सवरचा शुद्ध कथिलाचा मुलामा होता. बंदीने झालं ते असं, की पूर्वी थोड्या पार्ट्सवर असलेला हा मुलामा बहुतेक सगळ्या पार्ट्सच्या पायांवर आला. धोका वाढला, यात शंका नाही. त्यावर उपायही निघाले: कथिलाखाली निकेलचा थर, मुलाम्यानंतर भट्टीत तापवून ताण घालवणं, चकचकीतऐवजी मॅट कथील, वरून संरक्षक लेप. मोबाइल-टीव्हीच्या बाजारात भाकीत केलेली नासधूस झाली नाही.

जी नासधूस झाली तिचं खापर सोल्डरवर फोडणं सोपं होतं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० वर लाल दिवे लागून यंत्रं इतकी मरू लागली, की जुलै २००७ मध्ये कंपनीने वॉरंटी तीन वर्षांवर नेली आणि शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम त्यासाठी बाजूला काढली. सगळीकडे एकच ओरड, लेड-फ्री सोल्डर! पुढे २०२१ मध्ये कंपनीच्याच माहितीपटात सांगण्यात आलं, की तडकले ते चिपच्या आवरणाच्या आतले जोड, पुन्हा पुन्हा तापून-थंड होऊन. ज्या यंत्रात उष्णता बाहेर काढायची सोय अपुरी असते, तिथे कुठलंच सोल्डर फार दिवस साथ देत नाही. चाचण्यांचं एकूण चित्र असं, की हळूहळू तापण्या-थंड होण्यात लेड-फ्री जोड जुन्याइतकाच, कित्येकदा जास्तच टिकतो. हातातून पडण्याचा धक्का मात्र त्याला कमी सोसतो. म्हणून मोबाइलसाठी चांदी कमी केलेली मिश्रणं आली.

तरी एक खोच उरतेच. मोबाइल तीन-चार वर्षांत टाकला जातो, त्यामुळे त्याच्या जोडाची खरी परीक्षा कधी होतच नाही. ज्यांची वीस-तीस वर्षांनी होते, त्यांना सूट आहे. अंतराळ आणि लष्करी सामग्री निर्देशाच्या बाहेर. सर्व्हर आणि दूरसंचार यंत्रणांच्या सोल्डरला दीर्घकाळ सवलत होती. ८५ टक्क्यांहून जास्त शिसं असलेल्या, उच्च तापमानाला वितळणाऱ्या सोल्डरलाही सूट आहे, आणि ते विजेची ने-आण करणाऱ्या डायोड-ट्रान्झिस्टरच्या पोटात वापरलं जातं. म्हणजे ‘लेड-फ्री’ शिक्क्याच्या यंत्रातही एखाद्या पार्टच्या आत जवळजवळ शुद्ध शिसं असू शकतं, तेही कायद्याला धरून. दुसरीकडे सूट मिळालेल्यांनाही सुटका नाही. चिप बनवणारे मोबाइलवाल्यांसाठी बनवतात; विमानवाल्यांसाठी शिशाचा मुलामा देणारे थोडेच उरले. त्यांना बिनशिशाच्या चिपचे पाय शिशाच्या सोल्डरमध्ये बुडवून घ्यावे लागतात.

पर्यावरणाचा पूर्ण हिशोब मांडण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न अमेरिकी पर्यावरण संस्थेने २००५ मध्ये केला. खाणीपासून कचऱ्यापर्यंतच्या त्या अभ्यासात माणसाला आणि जलचरांना होणाऱ्या विषबाधेच्या रकान्यांत शिशाचं सोल्डर सर्वांत वाईट ठरलं. इतर अनेक रकान्यांत चांदीचं मिश्रण मागे पडलं, कारण चांदी काढायलाच एवढा खटाटोप लागतो, शिवाय भट्टी जास्त तापवायला वीजही जास्त. कथिलाची बाजूही स्वच्छ नाही. ६३ टक्क्यांवरून ९६ टक्क्यांवर गेलं म्हणजे कथील जास्त उपसावं लागणार. इंडोनेशियातल्या बांका बेटाची जमीन आणि किनारा त्यापायी खणून काढला गेला आहे. पूर्व काँगोतलं कथील सशस्त्र टोळ्यांना पोसतं, म्हणून अमेरिकेला २०१० मध्ये कंपन्यांकडून त्याचा हिशोब मागणारा कायदा करावा लागला. उतारा म्हणून बिस्मथ पुढे आलं आहे. कथील-बिस्मथ १३८ अंशांनाच वितळतं. लेनोवोने २०१७ मध्ये या जातीच्या सोल्डरचा गाजावाजा केला. जोड ठिसूळ होतो ही त्याची अडचण. आणि बिस्मथ मोठ्या प्रमाणात येतं कुठून, तर शिशाच्या शुद्धीकरणात निघणारं उपउत्पादन म्हणून!

आपल्याकडे हा सगळा वाद शेवटी दुरुस्तीच्या टेबलावर येऊन पडतो. लेड-फ्री बोर्डवरचा पार्ट काढायचा तर अनुभवी कारागीर आधी जोडावर थोडं साठ-चाळीस वितळवतो. दोन्ही मिसळले की वितळबिंदू उतरतो आणि बोर्डवरचं तांब्याचं पॅड न उखडता पार्ट सुटतो. नवा पार्टही मग साठ-चाळीसनेच बसतो. नियमांच्या भाषेत ही भेसळ. माझ्या मते ही भेसळ पर्यावरणाच्या बाजूची आहे, कारण ती अख्खी वस्तू कचऱ्यात जाण्यापासून वाचवते. दहा वर्षं चाललेला टीव्ही आणि तीन-तीन वर्षांत फेकलेले तीन टीव्ही यांची तुलना केली, तर सोल्डरचे चार ग्रॅम फार मागे पडतात. युरोपात २०१८ पासून शिशाचं सोल्डर सामान्य ग्राहकाला विकता येत नाही, व्यावसायिकाला विकता येतं. आपल्याकडे ती विभागणी कागदावर राहील. त्यापेक्षा रिळावर मराठी-हिंदीत मोठ्या अक्षरात ‘यात शिसं आहे, खाण्याआधी साबणाने हात धुवा’ एवढं छापायला लावलं आणि टेबलावर धूर ओढणारा छोटा पंखा बसवला, तर कारागिराचं जास्त भलं होईल.

शिशाच्या बंदीने खरोखर काय साधतं, हे मुंबईने एकदा पाहिलं आहे. देशात १ फेब्रुवारी २००० पासून शिशाचं पेट्रोल बंद झालं. १९९७ च्या पाहणीत मुंबईतल्या ६१.८ टक्के मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं होतं. पेट्रोल बदलल्यानंतर ७५४ मुलांच्या तपासणीत हे प्रमाण ३३.२ टक्क्यांवर आलं होतं. सोल्डरबंदीच्या खात्यावर असा एकही आकडा दाखवता येत नाही. आणि तरीही, युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालानुसार भारतातल्या सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं आहे. त्या अहवालाने बोट ठेवलं ते मुख्यतः बॅटऱ्या उघड्यावर फोडून शिसं वितळवणाऱ्या भट्ट्यांवर. ‘बॅटरी परत येते’ हा समर्थकांचा युक्तिवाद इथे उलटतो. बॅटरी परत येते खरी, पण कुठे येते?

म्हणून माझा निवाडा असा. सोल्डरवरची बंदी मागे घेण्यात आता काही अर्थ नाही. कारखाने बदलले, भाकितातली संकटं आली नाहीत, आणि आपला कचरा जळतो तोवर त्यात जेवढं शिसं कमी तेवढं बरं. दुरुस्तीवाल्याचं साठ-चाळीसही चालू राहावं. पण या बंदीकडे बोट दाखवून ‘शिशाचा प्रश्न आम्ही हाताळला’ असं कोणी म्हणू नये; तो ज्या भट्ट्यांत आहे तिथे प्रदूषण नियंत्रण मंडळाने जायला हवं आणि आसपासच्या मुलांचं रक्त तपासायला हवं. आपल्यापुरतं सांगायचं, तर पुढच्या वेळी इन्व्हर्टरची बॅटरी बदलाल तेव्हा जुनी बॅटरी दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. विक्रेत्याला परत द्या, आणि ती कोणत्या नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जाणार ते पावतीवर लिहून घ्या.